ठेव ते पुस्तक खाली

अगं, काल रात्री साडेअकराला तू फोनवर म्हणालीस, ‘ताई, आठव्या खंडात अडकलेय. पुढे जाववत नाही आणि सोडवतही नाही.’ आवाज रडवेला होता तुझा. आई शेजारी झोपली होती म्हणून तेव्हा नीट बोलता आलं नाही. आता सांगते.

ठेव ते पुस्तक खाली. रॉबर्ट जॉर्डनची ‘व्हील ऑफ टाइम’ चौदा खंडांची आहे. पहिला खंड १९९० साली आला. जॉर्डन २००७ मध्ये गेले, मग त्यांच्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसननं शेवटचे तीन खंड लिहिले आणि २०१३ मध्ये मालिका पुरी झाली. ज्यांनी ती निघेल तशी वाचली, त्यांचा त्यात अख्खा तरुणपणा गेला. तू ती चार महिन्यांत उरकायला निघालीस, आणि तेही ऑफिसात सगळ्यांनी वाचलीय म्हणून. सात खंड मनापासून वाचलेस ना? ते कुठे जात नाहीत. ओढ वाटेल तेव्हा आठवा उघडशील.

आणि आता लगेच मार्टिनकडे वळू नकोस. त्यांच्या मालिकेचा पहिला खंड १९९६चा, पाचवा २०११चा, आणि सहाव्याची वाट लोक वर्षानुवर्षं बघताहेत. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. अर्धवट राहिलेली गोष्ट तुला झोपू देत नाही. तू आधी पूर्ण झालेली मालिकाच घे.

तू वाचतेस कुठे, याचाही विचार कर गं. मुलुंडहून घाटकोपरपर्यंत लोकल, पुढे मेट्रोनं अंधेरी. लोकलमध्ये एक हात वरच्या हँडलला, दुसऱ्यात पर्स. हजार पानांचं पुस्तक धरणार कशात? मेट्रोत उभं राहून वीसेक मिनिटं मिळतात. तेवढ्यात एखादं प्रकरण पुरं होईल, असं पुस्तक प्रवासाला बरं. जाडजूड ग्रंथ रविवार दुपारसाठी राहू दे.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे, ती तुला कधी सांगितली नाही. बाबा हॉस्पिटलमध्ये होते ते वर्ष आठवतं? तू चौथीत होतीस, तुला मावशीकडे ठेवलं होतं. रात्री त्यांच्याजवळ मी थांबायचे. लायब्ररीतून गौरी देशपांड्यांच्या ‘अरेबियन नाइट्स’चा एकेक खंड आणायचे. रिचर्ड बर्टनच्या इंग्रजीवरून त्यांनी सोळा खंडांत ते सगळं मराठीत आणलंय, काही न गाळता. लहानपणीच्या गोष्टींच्या पुस्तकातला अल्लादिन डोक्यात ठेवून गेलीस तर दचकशील. त्या बाकावर बसून मला शहरजाद पहिल्यांदा कळली. रोज पहाटेपर्यंत गोष्ट लांबवायची, कारण गोष्ट थांबली की जीव जाणार. मीही पहाटेचीच वाट बघत होते. नर्सताई येऊन ‘ताप उतरलाय’ म्हणेपर्यंत पुढचं पान, मग पुढचं.

तेव्हापासून अद्भुताचं कुठलंही पुस्तक हातात घेतलं की मी एवढंच बघते : इथल्या जादूची किंमत कोण मोजतंय? फुकटची जादू असेल तर पन्नास पानांत जीव उबतो. अर्सुला ल गुइनचं ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ घे, १९६८चं. छोटंसं आहे, पर्समध्ये मावतं. एक हुशार पोरगा गर्वाच्या भरात एक काळी सावली जगात सोडतो आणि मग तिच्यापासून पळत राहतो. तिथे वस्तूचं खरं नाव कळलं तरच तिच्यावर सत्ता चालते. टॉल्किनचं मुग्धा कर्णिकांनी मराठीत केलेलं ‘स्वामी मुद्रिकांचा’ रविवारसाठी. त्याचे तीन भाग असले तरी मुळात ती एकच कादंबरी आहे. त्यातला फ्रोडो घरी परततो, पण त्याच्या जखमा भरलेल्या नसतात. ते शेवटचं प्रकरण घाईत वाचू नकोस.

तू म्हणालीस, मराठीत असलं काही नाही. हे मात्र मला लागलं. नाथमाधवांची ‘वीरधवल’ आजीनं वाचली होती, आपण कधी विचारलंच नाही तिला. नाथमाधव म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे (१८८२–१९२८). शिकारीला गेले असताना सिंहगडाच्या कड्यावरून पडले, कमरेखालचं शरीर लुळं झालं, आणि त्यानंतर हा माणूस लिहू लागला. घोडदौडी, भुयारं, कपटकारस्थानं, सगळं अंथरुणावरून. भाषा जुनी आहे, पहिली वीसेक पानं अडखळशील. मोठ्यानं वाच, जमेल.

आणि जी. ए. कुलकर्णींचं ‘रमलखुणा’ (१९७५). त्यात ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ अशा दोनच दीर्घकथा आहेत. ‘इस्किलार’मधला प्रदेश कुठल्याच नकाशात नाही. तिथला माणूस आणि त्याची नियती यांच्यात जे चालतं, ते मी तुला सांगणार नाही. एवढंच सांगते, ते गाडीत वाचू नकोस. उतरायचं स्टेशन निघून जाईल म्हणून नाही. ते वाचल्यावर थोडा वेळ कोणाशी बोलावंसं वाटत नाही, आणि ऑफिसात तशी सोय नसते.

शनिवारी ये. महाराष्ट्र सेवा संघाच्या लायब्ररीत जाऊ, तुझ्या नावानं कार्ड काढू. ‘रमलखुणा’ माझ्याकडचंच देते, त्यात एका पानावर बाबांच्या औषधांची यादी आहे पेन्सिलीनं लिहिलेली. ती खोडू नकोस.