हँडल एकटे बदलत नाही

आमच्या सीमाभागात मोटारसायकलचे हँडल बदलण्याची वेळ माणसावर दोन कारणांनी येते. एक तर गाडी पडून जुने हँडल वाकते, किंवा गल्लीतल्या एखाद्या बुलेटवर चढलेले उंच, चकचकीत हँडल पाहून आपले जुने हँडल एकाएकी डोळ्यांना खुपू लागते. पहिले कारण नाइलाजाचे आणि दुसरे हौसेचे. परंतु दुकानाच्या पायरीवर पोहोचल्यावर दोन्ही प्रकारच्या गिऱ्हाइकांची वर्तणूक सारखीच असते. भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या हँडलांकडे मान वर करून पाहावे, त्यांतले एक बोटाने दाखवावे आणि दर काय म्हणून विचारावे, एवढ्यात निवड आटोपते. नळीचा व्यास किती, पत्रा किती जाडीचा, मधला सरळ भाग किती लांबीचा, अशी चौकशी करणारा विरळा, आणि ती ऐकून न हसणारा दुकानदार त्याहून विरळा. ज्या नळीवर दोन्ही हातांचा भार, पुढचा ब्रेक, क्लच, इंजिनाची रेस, दिव्यांची बटणे आणि मागून येणाऱ्याची वर्दी देणारे आरसे असा सारा कारभार सोपवलेला असतो, तिची नेमणूक मात्र विनाचौकशी व्हावी, हे सरकारी कचेरीत हयात गेलेल्या माझ्यासारख्याला चमत्कारिक वाटते.

माझी गाडी जुन्या घडणीची बुलेट. उजव्या पायाला गिअर, डाव्या पायाला मागचा ब्रेक, आणि पुढच्या चाकाला तारेने ओढला जाणारा ड्रम ब्रेक. १९५५ साली मद्रासेत या गाडीचा कारखाना निघाला तेव्हा इंग्रजी नमुन्याबरोबर इंच आणि त्याचे अपूर्णांक हेही ओघानेच आले, आणि म्हणून तिच्या हँडलाच्या नळीचा व्यास सात-अष्टमांश इंच, म्हणजे २२.२ मिलिमीटर, असा राहिला. निपाणीच्या बाजारात ती उभी असता मागे येणाऱ्या एका टेम्पोचा धक्का लागून डाव्या अंगावर कलंडली आणि हँडलाचे डावे टोक टाकीकडे वळले. मेस्त्रींनी पाहणी केली, जुने हँडल काढून कोपऱ्यात ठेवले, आणि मी कारखान्याच्या मालाची पृच्छा करताच हसून म्हणाले, “शोरूमचं घेऊन काय करतासा, साहेब? माल त्योच, नुसती डबी येगळी.” त्यांनी बसवलेले हँडल जुन्याहून थोडे उंच आणि थोडे रुंद होते. दिसण्यात ते उजवे होते, हे मान्य केले पाहिजे.

पुढे ऊस हंगामात संकेश्वराहून परतताना तवंदी घाटात त्याची परीक्षा झाली. हा घाट निपाणीकडे उतरतो. एकीकडे हिरण्यकेशी आणि दुसरीकडे हालसिद्धनाथ अशा दोन साखर कारखान्यांचा मुलूख असल्याने हंगामात उसाच्या ट्रॉल्यांची रांग या भागाला नवी नाही. पुढची ट्रॉली थबकली, मी पुढचा ब्रेक दाबला, उताराने शरीराचा भार साहजिकच दोन्ही तळहातांवर आला, आणि त्या भारासरशी अख्खे हँडल आपल्या पकडीत पुढच्या बाजूला फिरून खाली गेले. ब्रेकची मूठ, जी क्षणापूर्वी बोटांच्या रेषेत होती, ती आता जमिनीकडे तोंड करून राहिली. डाव्या पायाचा ब्रेक आणि खालचा गिअर यांनी गाडी थांबवली. ट्रॉलीच्या मागे लोंबणारा ऊस हातभर अंतरावर होता. स्तवनिधीजवळ गाडी कडेला घेऊन पाहतो तो हँडल आवळणाऱ्या दोन्ही टोप्या खालच्या बैठकीला लोखंडाला लोखंड लागून टेकलेल्या, म्हणजे आवळण्यास आता तसूभरही जागा उरलेली नाही, आणि सांध्यातून एक चकाकणारी पट्टी डोकावते आहे. ती ओढून काढली. इंजिन ऑइलच्या डब्याचा कात्रीने कापलेला पत्रा होता तो. त्यावरची तांबडी अक्षरेही अर्धवट शाबूत होती.

त्याचा उलगडा बेळगावला उद्यमबागेत झाला. तेथील एका टर्नरने हँडलाच्या मध्यभागी व्हर्निअर लावला आणि आकडा वाचला, २१.३. ज्याने घराचे नळकाम केले आहे त्याला हा आकडा परिचित असेल. अर्ध्या इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या पाण्याच्या पाइपचा बाहेरचा व्यास हाच. हँडलाच्या पकडीस हवे असतात २२.२. ही जेमतेम एका मिलिमीटरची तूट डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही. पण टोप्या पूर्ण मिटल्या तरी नळी सैल राहते, आणि ती सैल राहते म्हणून पत्र्याची पट्टी घालण्याची तजवीज करावी लागते. उभ्या गाडीवर ही मखलाशी बेमालूम खपून जाते, कारण उभ्या गाडीवर कोणी शरीराचा सगळा भार टाकून ब्रेक मारत नाही. तेव्हा पहिली गोष्ट ही की दुकानात जाताना व्हर्निअर न्यावा, अगर टर्नरकडून जुन्या हँडलाचे माप कागदावर लिहून घ्यावे. बहुतेक देशी आणि जपानी घडणीच्या गाड्यांना २२ मिलिमीटरच्या घरातली नळी लागते. काही जड परदेशी गाड्यांना एक इंच, म्हणजे २५.४, आणि अलीकडच्या काही डोंगरी व शर्यती गाड्यांना मधोमध २८.६ व टोकांकडे निमुळती होत २२ वर येणारी. पकडीचे माप एक आणि नळीचे दुसरे, अशा जोडीत कोणतीही पट्टी, कितीही घट्ट बसली तरी, घालू नये. टोप्या आवळल्यावर त्यांच्या आणि बैठकीच्या दरम्यान थोडी फट उरलीच पाहिजे. ती फट हाच पकड घट्ट बसल्याचा दाखला. काही कंपन्या ही फट पुढेमागे सारखी ठेवण्यास सांगतात, काही पुढचा बोल्ट आधी पूर्ण आवळण्यास. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत काय आहे ते पाहून मेस्त्रींना दाखवण्यात संकोच बाळगू नये.

परंतु मापापूर्वीही एक प्रश्न आहे, आणि तो विचारला न गेल्याने कित्येक धडधाकट हँडले भंगारात जातात. पडलेल्या गाडीचे हँडल वाकडे दिसते तेव्हा वाकलेले हँडलच असते असे नाही. पुष्कळदा पुढचे दोन्ही शॉकप आपल्या पकडीत किंचित पिळलेले असतात, आणि मग चाक सरळ ठेवले की हँडल तिरके आणि हँडल सरळ धरले की चाक तिरके, असा प्रकार होतो. जाणता मेस्त्री पकडीचे बोल्ट थोडे सैल करतो, पुढचे चाक दोन गुडघ्यांत धरतो आणि हँडल हलक्या झटक्याने जागेवर आणतो. हँडल खरोखर वाकले आहे का याची खातरजमा करायची तर ते काढून सपाट फरशीवर ठेवावे. दोन्ही टोके सारख्या उंचीवर न राहिल्यास निकाल लागला.

वाकलेले हँडल सरळ करून देऊ, असे सांगणाराही भेटतो. गॅसच्या ज्योतीवर लाल करून सरळ केलेल्या पोलादी नळीचे क्रोम जळते आणि बळही जाते. थंडच वाकवून सरळ केली तर ज्या जागी ती एकदा वळली तेथे धातू थकलेला असतो. ॲल्युमिनियमचे हँडल तर मुळीच सरळ करू नये. ते आधी नुसती केसासारखी रेघ दाखवते आणि पुढे एखाद्या खड्ड्यात त्याच रेघेवर तुटते.

आता निवडीकडे. जुने हँडल, ते वाकले असले तरी त्याच्या शाबूत बाजूवरून, एका मोठ्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने काढून घ्यावे. रुंदी, मधल्या बैठकीपासून टोकांची उंची, टोके मागे किती वळली आहेत, मधला सरळ भाग किती आणि मुठींजवळचा सरळ भाग किती, एवढा तपशील त्या पुठ्ठ्यावर आपोआप येतो. मुठींजवळचा भाग विशेष महत्त्वाचा. तेथे मूठ, ब्रेकची पकड आणि बटणांचा संच हे तिघे शेजारी बसायचे असतात, आणि वळण दोन बोटे अलीकडेच सुरू झाले की तिघांपैकी एकाची जागा हुकते. जुन्या हँडलाने पाठ दुखत असेल, तर त्याच रेखाकृतीवर आपल्याला किती वर अगर किती मागे हवे ते ठरवावे. गाडी मधल्या स्टँडवर चढवून बसावे, खांदे सैल सोडावे, कोपर किंचित दुमडलेले ठेवून हात पुढे न्यावे. मनगटे न मुरडता मुठी जेथे येतील ती आपली जागा. फार उंच हँडलाने हात हवेत लोंबतात आणि वेग वाढला की वारा छातीवर बसतो; फार खालच्या हँडलाने घाट उतरताना धडाचा भार मनगटांवर पडतो आणि तळहाताच्या बाहेरच्या कडेची शीर दाबून करंगळीला मुंग्या येतात. रुंद हँडलाने वळवणे हलके होते हे खरे; पण आमच्याकडे हंगामात ट्रॉलीच्या बाजूने बाहेर आलेल्या उसाच्या टोकांमधून आणि दुधाचे कॅन लटकावलेल्या गाड्यांच्या गर्दीतून वाट काढायची असते, तेथे ती हलकेपणाची चैन परवडत नाही.

आणि येथे मूळ मुद्दा येतो. हँडल एकटे कधीच बदलत नाही. ते चार बोटे उंच झाले की क्लचची, ब्रेकची आणि रेसची तार, तिन्ही तितक्याच अपुऱ्या पडतात, आणि ही अपुरेपणाची तक्रार सरळ रस्त्यावर ऐकू येत नाही. ती ऐकायची रीत सोपी आहे. गाडी मधल्या स्टँडवर उभी करावी, गिअर काढलेला असावा, इंजिन संथ चालू ठेवावे, आणि रेसच्या मुठीला हात न लावता हँडल डावीकडे अगदी टोकापर्यंत व मग उजवीकडे अगदी टोकापर्यंत फिरवावे. इंजिनाचा आवाज तसूभरही वाढला, तर तार अपुरी आहे. हँडल वळताना ती ताणली जाऊन कार्ब्युरेटरमधला पिस्टन उचलते. माझ्या गाडीवर उद्यमबागेतल्या त्याच सकाळी ही परीक्षा घेतली असता डावीकडे वळताच इंजिन गरजले. म्हणजे घाटात नळी फिरली नसती, तरी एखाद्या दिवशी खडेबाजारातल्या गर्दीत गाडी वळवताना ती आपणहून पुढे झेपावलीच असती! क्लचची तार ताणली तर क्लच अर्धवट सुटलेला राहतो आणि चढावर गाडी ओढत नाही. डिस्क ब्रेकच्या गाडीत रबरी नळी ताणली जाते, आणि तेलाची डबी कललेली राहिल्यास आत हवा शिरण्याची भीती. ती डबी जवळजवळ समतल बसली पाहिजे. तेव्हा उंच हँडल घ्यायचे तर त्याच दुकानातून, त्याच वेळी, लांब तारा घ्याव्या, आणि त्या मिळत नसतील तर हँडल तेथेच सोडावे.

दोन्ही टोकांपर्यंत फिरवताना आणखी दोन गोष्टी पाहाव्या. क्लचची मूठ टाकीला लागते काय, आणि मूठ व टाकी यांच्यामध्ये अंगठा चेंगरतो काय. बटणांच्या संचाच्या आतल्या बाजूस बहुधा एक छोटी खुंटी असते आणि मूळ हँडलास तिच्यासाठी भोक. नव्या हँडलास भोक नसेल तर घाईतला मेस्त्री खुंटी छाटून टाकतो. मग संच मुठीबरोबर फिरू लागतो आणि आतल्या वायरी पिळत जाऊन प्लास्टिकच्या आत तुटतात, बाहेर काही दिसत नाही, आणि रात्री हॉर्नचे बटण दाबले की दिवा जातो. खुंटी छाटण्याऐवजी भोक पाडणे बरे, पण तेही एकच, योग्य जागी आणि कडा घासून गुळगुळीत केलेले. कारण प्रत्येक भोक नळीला तेवढे दुबळे करते.

कायद्याचा प्रश्न थोडक्यात. निपाणीहून देवचंद महाविद्यालयापर्यंत फिरायला गेलेला मनुष्य महाराष्ट्रात पोहोचलेला असतो, इतकी ही सरहद्द जवळची. पण १९८८ चा मोटार वाहन कायदा केंद्राचा असल्याने कोगनोळीच्या अलीकडे आणि पलीकडे तो एकच आहे, आणि ज्या थोड्या विषयांत दोन्ही राज्यांचे एकमत आहे त्यांपैकी हा एक. त्याचे ५२ वे कलम वाहनात मूळ घडणीशी विसंगत असा फेरफार करण्यास मज्जाव करते, आणि २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा फेरफारास दर फेरफारामागे पाच हजार रुपये दंड अगर सहा महिन्यांपर्यंत कैद, अगर दोन्ही, अशी तरतूद केली. मूळ नमुन्याचे हँडल बदलून तसेच दुसरे बसवणाऱ्यास याची धास्ती नको. खांद्याच्या वर मुठी नेणाऱ्या हँडलाची बाजू मात्र भर नाक्यावर हवालदारापुढे मांडण्यात अर्थ नसतो. विमा कंपनीस फेरफाराची लेखी वर्दी द्यावी आणि तिची पोच जपून ठेवावी.

सरतेशेवटी मी मूळ नमुन्याचेच हँडल कोल्हापुरातून आणले. ते बसवताना मधल्या सरळ भागावरच्या बारीक खाचा बरोबर पकडीखाली येतील, मुठी आत कोरड्या असतील आणि ब्रेकची बोटपट्टी कोपरापासून बोटांपर्यंतच्या रेषेत राहील एवढे पाहिले. पहिल्या शेदोनशे किलोमीटरनंतर चारही बोल्ट पुन्हा आवळून घेतले, आणि रेस सोडल्यावर मूठ स्वतः परत येते की नाही हे रोज सकाळी पाहण्याची सवय ठेवली. पावसाळ्यात खानापूर रस्त्याच्या तांबड्या चिखलाने मूठ जड होते, तेव्हा या सवयीचा उपयोग होतो. काढलेली दोन्ही हँडले, टेम्पोने वाकवलेले आणि पाण्याच्या पाइपचे, भंगारवाल्याने मागितली. अशी हँडले सरळ होऊन, वर चंदेरी रंग चढून पुन्हा कोणाच्या तरी गाडीवर बसतात. म्हणून ती हॅकसॉने मधोमध कापूनच दिली. भंगारवाला थोडा कुरकुरला, पण भाव वजनावर होता आणि वजन तेच भरले.