‘पिक अप’चे सात अर्थ, आणि त्यातला एक थेट खिशाला लागणारा



आज असा इंग्रजी शब्द घेऊ, जो आपण मराठीतच रोज बोलतो. पिकअप! “पिकअप भरून माल गेला”, “गाडीला पिकअप नाही”, “कुरिअरचा पिकअप झाला का?” शब्द इतका ओळखीचा, की इंग्रजी मेसेजमध्ये दिसला की आपण थांबून विचारच करत नाही. गडबड तिथेच होते.

पौडच्या बॅचमधल्या एका ताईंचं बघा. घरचा आंबेमोहोर, एकेक किलोच्या पिशव्या. हिंजवडीच्या एका कंपनीकडून दिवाळी भेटीसाठी २०० किलोची ऑर्डर आली. मेसेज असा होता: “वी विल पिक अप द बॅग्ज ऑन फ्रायडे. यू विल हॅव टू पिक अप द टेम्पो चार्जेस.” ताईंनी दोन्हीकडे ‘उचलणे’ असंच वाचलं. त्यांना वाटलं, माल तेच उचलणार म्हणजे टेम्पोही त्यांचाच. त्यांनी ‘ओके’ पाठवून दिलं.

माल गेला. पैसे आले ते २,५०० रुपये कापून. किलोमागे २० रुपये सुटणार होते, म्हणजे ४,०००. हातात राहिले १,५००. कंपनीने फसवलं म्हणावं, तर तसंही नाही. दुसऱ्या वाक्यात त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं: टेम्पोचं भाडं तुम्ही सोसायचं.

मग अर्थ ओळखायचा कसा? सोपं आहे. काय ‘पिक अप’ होतंय ते बघा.

१. वस्तू असेल तर: घेऊन जाणे. “द कुरिअर विल पिक अप द पार्सल.” कुरिअरवाला पार्सल न्यायला येईल.

२. माणूस असेल तर: गाडीने घ्यायला जाणे. “वी कॅन पिक यू अप फ्रॉम चांदणी चौक.” होमस्टेवाल्यांनो, हे वाक्य पाठवताना गाडीचे पैसे वेगळे की भाड्यातच, तेही लिहा.

३. फोन असेल तर: उचलणे. “ही डिड नॉट पिक अप.” त्याने फोन घेतला नाही.

४. धंदा, विक्री, मागणी असेल तर: जोर धरणे. पावसाळ्यात ताम्हिणीकडे गर्दी सुरू झाली की रस्त्यावरच्या भजी-कणसाच्या गाड्यांचं काय होतं? “बिझनेस पिक्स अप.”

५. काम किंवा भाषा असेल तर: करता करता शिकणे. “शी पिक्ड अप पॅकिंग इन टू डेज.” दोन दिवसांत पॅकिंग तिच्या हातात बसलं.

६. पुढे ‘ऑन’ आला तर: बारीक गोष्ट हेरणे. “द बायर पिक्ड अप ऑन द शॉर्ट वेट.” वजन कमी भरलंय हे गिऱ्हाइकाच्या लक्षात आलं. इथे कोणी काही उचललेलं नाही!

७. बिल, खर्च, भाडं असेल तर: पैसे आपण भरणे. “वी विल पिक अप द बिल” म्हणजे बिल आम्ही भरू. बिलाचा कागद घ्यायला येऊ, असा अर्थ नाही. ताई अडकल्या त्या इथेच.

लिहिताना दोन गोष्टी सांभाळा. ‘माल उचला’ असं क्रियापद असेल तर इंग्रजीत ‘पिक’ आणि ‘अप’ सुटे लिहितात. ‘पिकअपची वेळ’ असं नाम असेल तर दोन्ही जोडून. आणि ‘ते’, ‘त्यांना’ असे छोटे शब्द मधे बसतात: “पिक इट अप”, “पिक देम अप”. “पिक अप इट” चुकीचं.

आता धंद्याचा नियम. मेसेजमध्ये पैशाचा विषय आला आणि एक शब्द जरी अडला, तरी ‘ओके’ पाठवायचं नाही. उलट विचारायचं: “हू विल पे द टेम्पो चार्जेस, यू ऑर मी?” इंग्रजी जमत नसेल तर सरळ मराठीत विचारा, “भाडं कोणाकडे?” विचारण्यात कसली आलीय लाज! आपल्या ट्रान्सपोर्टवाल्यांकडे बघा. ते बिल्टीवरच लिहितात: ‘पेड’, म्हणजे भाडं पाठवणाऱ्याने भरलंय, किंवा ‘टू पे’, म्हणजे माल घेणारा भरेल. एका शब्दात विषय संपतो.

ताईंनी पुढच्या ऑर्डरला तेच केलं. कोटेशनमध्येच एक ओळ टाकली: “दर पौडमधून माल उचलण्याचा. भाडं गिऱ्हाइकाकडे.” ऑर्डर मिळाली, आणि किलोमागचे २० रुपये पूर्ण हातात राहिले.

आजचा गृहपाठ: मोबाईलमधले जुने ऑर्डरचे मेसेज उघडा आणि ‘पिक अप’ शोधा. प्रत्येक ठिकाणी वरच्या सातपैकी कोणता अर्थ आहे, तो वहीत लिहा. सातवा सापडला, तर त्या ऑर्डरचा हिशेब पुन्हा एकदा मांडून बघा.