जनित्रावरील आकडा आणि मोटारीची पहिली ओढ

पानशेत येथे आंबी नदीवरील धरणाच्या पायथ्याशी जे वीजगृह आहे, त्याची क्षमता ८ मेगावॅट, म्हणजे ८० लक्ष वॅट आहे. वीज खंडित झाली असता एखादी शाळा जे लहान जनित्र वापरते, त्यावर २००० वॅट असा आकडा असतो. जनित्र किती भार पेलील, हेच दोन्ही आकडे सांगतात. मात्र लहान जनित्राच्या बाबतीत उपकरणांच्या वॅटांची नुसती बेरीज करून भागत नाही.

समजा, शाळेत १ अश्वशक्तीचा पाण्याचा पंप आहे. १ अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. मोटारीतील अपव्यय धरता पंप चालू असताना सुमारे १००० वॅट घेतो. मग २००० वॅटचे जनित्र पुरावयास हवे. प्रत्यक्षात कळ दाबताच जनित्राचा आवाज दबतो, दिवे मंदावतात आणि मोटार जागच्या जागी गुणगुणत राहते. कारण असे की, थांबलेली मोटार वेग घेईपर्यंत नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते. वेग आला की ही ओढ आपोआप उतरते. चिखलात उभी असलेली भरली गाडी हलविताना बैलांस जो जोर लागतो, तो पुढे लागत नाही, हे शेतकऱ्याच्या मुलास सांगावयास नको.

पाच पटच धरली तरी ही ओढ ५००० वॅटांच्या तोडीची झाली. ती क्षणाची खरी. पण जनित्रास तेवढी देता आली नाही, तर मोटार फिरत नाही, वाढलेला प्रवाह वाहतच राहतो आणि तिची वेटोळी जळतात. मग पोषण आहारासाठीही पाणी उरत नाही. तोच पंप एरवी सहज सुरू होतो, कारण तारांमागे अनेक वीजगृहांचे एकत्रित बळ असते.

पुष्कळ जनित्रांवर दोन आकडे असतात. मोठा आकडा अल्पकाळापुरता व लहान सतत चालण्याचा असतो. विक्रेता बहुधा मोठाच सांगतो. आकडा किलोव्होल्ट-अँपिअरमध्ये असल्यास त्यास सामान्यतः ०.८ ने गुणून किलोवॅट काढतात.

दिवे व संगणक यांस पहिली ओढ अल्प, म्हणून त्यांस लहान जनित्र पुरते. पाण्यासाठी वीज असतानाच टाकी भरून ठेवणे स्वस्त पडते. पंपास पुरेल असे मोठे जनित्र असले, तरी प्रथम एकटा पंप सुरू करावा; तो वेगात आल्यावर दिवे लावावेत.