स्विम स्पा घेण्याआधी बोअरचं पाणी तपासा

मोंढ्यात जो भेटतो तो हाच विषय काढतो, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. ‘अण्णांनी हौसेपायी लाखो रुपये पाण्यात घातले’ असं म्हणणाऱ्यांनी आधी हे वाचावं. हौस नव्हती. सौ.च्या दोन्ही गुडघ्यांची झीज झालेली आणि माझा मणकाही दुखावलेला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पाण्यात व्यायाम करा. लहानपणी मी पाठीला वाळका भोपळा बांधून इथल्याच घाटावर गोदावरीत पोहायला शिकलो. आज त्या पात्रात वाळूच्या उपशाचे खड्डे आहेत. गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल कुठे पडेल याचा भरवसा नाही. पोहायच्या तलावासाठी परभणीला जायचं तर चाळीसेक किलोमीटर. दुखऱ्या गुडघ्यांनी रोज एवढं जाणं-येणं कोण करणार?

म्हणून 2023 च्या दिवाळीत घरामागच्या जागेत स्विम स्पा बसवला. चौदा फूट लांब, सात फूट रुंद फायबरची टाकी. पंप समोरून पाण्याचा झोत मारतात आणि आपण जागच्या जागी पोहायचं. पाणी मावतं 6,500 लिटर.

किंमत सांगितली 9 लाख 40 हजार, जीएसटी वेगळा. मला वाटलं, एवढ्यात विषय संपला. मग एकेक बिल येऊ लागलं. वाहतूक 62 हजार. टाकी भिंतीवरून आत घ्यायला हायड्रा क्रेन दोन दिवस, 36 हजार. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, तेव्हा भरलेली टाकी सात टनांच्या वर जाते. साध्या फरशीवर ती ठेवता येत नाही. सळई टाकून काँक्रीटचा ओटा घातला, 78 हजार. वर पत्र्याचं शेड, 1 लाख 10 हजार. स्वतंत्र वायरिंग, अर्थिंग, विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा ब्रेकर, 46 हजार. स्टॅबिलायझर 38 हजार. पुढे पाणी मऊ करणारा सॉफ्टनर, 55 हजार. म्हणजे टाकीच्या किमतीवर आणखी 4 लाख 25 हजार. यातला एकही आकडा पैसे भरण्याआधी मला कोणी सांगितला नव्हता.

वीज वेगळीच. 6,500 लिटर पाणी एका अंशाने तापवायला साधारण साडेसात युनिट लागतात. हिवाळ्यात 20 अंशांचं पाणी 32 वर न्यायचं तर 90 युनिट. तीन किलोवॅटच्या हीटरला त्यासाठी तीस तास हवेत, आणि तेही वीज गेली नाही तर. आमचं घर महिन्याला 180 युनिटच्या आसपास असायचं. पहिल्याच हिवाळ्यात ते 600 च्या वर गेलं. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो, 500 युनिटच्या वरचा टप्पा सगळ्यात महाग. तो टप्पा मी आयुष्यात प्रथमच पाहिला.

तरीही तक्रार नव्हती. सौ. रोज अर्धा तास पाण्यात चालायच्या. संक्रांतीपर्यंत त्या काठी न घेता देवळाच्या पायऱ्या चढू लागल्या. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पाण्याच्या व्यायामाचा उपयोग होतो, त्यात खोट नाही.

पाचव्या महिन्यात हीटर बंद पडला. विकताना जो पोरगा दिवसातून चार वेळा ‘काका, जेवलात का’ म्हणून फोन करायचा, तो आठ दिवस फोन उचलेना. शेवटी मुख्य कार्यालयातून मिस्त्री आला. त्याने हीटर उघडून माझ्या हातावर ठेवला. आतल्या कॉइलवर बोटाएवढा जाड पांढरा थर, चुनखडीच. मिस्त्री म्हणाला, “क्षार आहेत काका, वॉरंटीत बसत नाही.” मग त्याने पुस्तिकेचं एकतिसावं पान काढून दाखवलं. बारीक इंग्रजी अक्षरात लिहिलं होतं: पाण्याची कठीणता 250 च्या वर असल्यास हीटर आणि पंपाची हमी राहणार नाही.

तेव्हा सगळा उलगडा झाला. जागा बघायला आलेला तोच पोरगा आमच्या न्हाणीत हात धुऊन गेला होता. नळावरचा पांढरा थर नखाने खरवडत त्याने मला विचारलं होतं, “बोअरचं का, काका?” मी म्हटलं, “हो, बोअरचंच.” तो हसला आणि म्हणाला, “काही अडचण नाही.” त्याला माहीत होतं. पैसे भरेपर्यंत तो मुद्दाम गप्प राहिला. मला राग हीटरचा नाही, त्या ‘काही अडचण नाही’चा आहे. माझ्या आडतीवर ओला माल आला तर मी शेतकऱ्याला तोंडावर सांगतो, ओलावा जास्त आहे, भाव कमी लागेल. मी तसं सांगितलं नाही तर तो मला चोर म्हणेल आणि ते बरोबरच ठरेल.

नंतर परभणीहून पाणी तपासून आणलं. कठीणता निघाली 780. पिण्याच्या पाण्याला भारतीय मानकाप्रमाणे 200 पर्यंत चांगलं आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालतं. आपला भाग काळ्या पाषाणाचा. खोल बोअरला असे आकडे निघाले तर नवल नाही. हे बाटलीभर नमुन्यावर आधीच कळलं असतं.

उन्हाळ्यात दुसरा धडा मिळाला. हे यंत्र थंड देशांसाठी बनलेलं. भिंतींत उष्णता धरून ठेवणारा जाड थर, वर झाकण. मे महिन्यात आपल्याकडे पारा 43-44 वर असताना ते पाणी थंड होत नाही, उलट पंपाच्या उष्णतेने आणखी तापतं. टाकीतलं पाणी 38 अंशांवर गेलं. त्यात पोहल्यावर चक्कर येते. क्लोरीनही टिकत नाही. विचारल्यावर उत्तर आलं, “चिलर घ्या, 1 लाख 60 हजार.” विकताना हीटरचं कौतुक तासभर केलं, चिलरचं नावही काढलं नव्हतं. मी तो घेतला नाही. दीड महिना टाकी झाकून ठेवली.

आणि पाणी. दर तीन-चार महिन्यांनी टाकी रिकामी करून भरावी लागते. 2023 ला पाऊस कमी झालेला, उन्हाळ्यात गल्लीत बायका घागरी घेऊन टँकरची वाट बघत होत्या. शेजारच्या लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, हे आपण विसरलो नाही. अशा दिवसांत माझ्याच्याने 6,500 लिटर नाल्यात सोडवेना. झाडांना दिलं, तर सॉफ्टनरचं पाणी असल्याने दोन लिंबं वाळली. त्या पाण्यात सोडियम असतं आणि ते काळ्या मातीला मारतं. हेही आधी कोणी सांगितलं नाही.

आता ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी. बोअरच्या पाण्याचा तपासणी अहवाल हातात येईपर्यंत विसार देऊ नका. तो अहवाल विक्रेत्याला पाठवा आणि ‘या पाण्यावर हीटर व पंपाची हमी राहील’ असं कंपनीच्या लेटरहेडवर लिहून घ्या. लिहून देत नसतील तर तेच उत्तर समजा. मी सगळं तोंडी घेतलं, ती माझी चूक.

ओटा, हायड्रा, वायरिंग, स्टॅबिलायझर, सॉफ्टनर आणि चिलर, सगळ्यांचा खर्च एकाच कागदावर मागा. टाकीच्या किमतीच्या निम्मे पैसे वेगळे काढून ठेवा. जवळचा मिस्त्री कुठे राहतो ते विचारा. माझा मिस्त्री पुण्याहून यायचा आणि प्रत्येक खेपेला प्रवासखर्च घ्यायचा. सगळी रक्कम आगाऊ देऊ नका, निदान तीस टक्के यंत्र महिनाभर चालेपर्यंत हातात ठेवा. पाण्यात शिरताना तो ब्रेकर चालू आहे का ते बघा, त्याचं बटण महिन्यातून एकदा दाबून तपासा. पैसे वाचवायला कोणी शेततळ्यात पोहायला जात असेल तर त्याला थांबवा. ताडपत्रीवरून पाय घसरला की वर येता येत नाही. घरातल्या सगळ्यांशी बोलून निर्णय घ्या. घाई करू नका.

फसवणूक झालीच तर गप्प बसू नका. बिलावर ‘वाद पुण्याच्या न्यायालयात’ असं छापलेलं असलं तरी 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. 10 ते 20 लाखांच्या खरेदीला फी फक्त 400 रुपये. आधी विचारायचं असेल तर राष्ट्रीय हेल्पलाइन 1915. मी परभणीला तक्रार दाखल केली आहे. एकतिसाव्या पानाची झेरॉक्स आणि न्हाणीतल्या नळाचा फोटो, दोन्ही जोडले आहेत.

टाकी विकायला काढली तर 1 लाख 75 हजारांच्या वर कोणी जात नाही. विकणार नाही. नवा हीटर माझ्या पैशाने बसवला आहे आणि सौ. थंडीचे चार महिने रोज पाण्यात उतरतात. पण माझ्याकडे बघून कोणी घेणार असेल, तर त्याने आधी घरी येऊन तो पांढरा थर आलेला जुना हीटर हातात घेऊन बघावा. तो मी ओट्याच्या कडेला तसाच ठेवला आहे.