नेली त्या वेळी कुठे होती?

एमिली ब्राँटेची 'वदरिंग हाइट्स' मी तीनदा वाचली. पहिल्यांदा बी.ए.ला, परीक्षेपुरती. मग चाळिशीत. आणि आता गेल्या पावसाळ्यात, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पडल्या पडल्या. दर खेपेला माझी नजर हीथक्लिफ-कॅथरिनवरून सरकत नेली डीनवर येत गेली. त्यातून जे हाती लागलं ते असं.

१. गाइडवर विसंबू नये. आमच्या गाइडात नेलीबद्दल एवढंच होतं, की ती विश्वासू मोलकरीण आणि निवेदक. मी ते पाठ केलं, मार्कही मिळाले. पण १८४७ साली 'एलिस बेल' या टोपणनावाने आलेल्या या कादंबरीत जवळजवळ सगळं आपल्याला नेलीच्या तोंडून कळतं. भाडेकरू लॉकवुड आजारी पडतो, घरकारभार पाहणारी नेली शिवण घेऊन शेजारी बसते आणि दोन घराण्यांच्या दोन पिढ्या उलगडते. लॉकवुड ऐकतो नि लिहितो. ती टाके घालत असते, हे मला तिसऱ्या वाचनात दिसलं.

२. 'ती आमच्या घरच्यासारखीच' असं आपण म्हणतो. त्यातलं 'सारखी' नीट ऐकावं. नेलीच्या आईने कॅथरिनच्या भावाला, हिंडलीला, अंगाखांद्यावर वाढवलं, त्यामुळे नेली त्या मुलांतच खेळली. मालकांनी लिव्हरपूलहून उचलून आणलेलं पोर तिने रात्री जिन्यात ठेवलं, सकाळपर्यंत जाईल कुठेतरी म्हणून. ते उघडकीला आलं आणि तिला घराबाहेर काढलं. त्या पोराला हिंडली आणि कॅथरिन यांनीही खोलीत घेतलं नव्हतं; त्यांना कोण बाहेर काढणार? काही दिवसांनी नेली परत आली, तोवर पोराचं नावही ठेवून झालं होतं: हीथक्लिफ.

३. सांगणाऱ्याला विचारावं, तू त्या वेळी कुठे होतीस? नववं प्रकरण यासाठी पुन्हा वाचा. स्वयंपाकघर. नेलीच्या मांडीवर हिंडलीचा लहानगा हेअरटन. कॅथरिन सांगतेय की मी एडगर लिंटनला होकार दिला; आता हीथक्लिफशी लग्न करणं म्हणजे मला कमीपणा. भिंतीकडच्या बाकावर हीथक्लिफ आहे. कॅथरिनला तो दिसत नाही. नेलीलाही दिसतो तो उठताना. एवढंच ऐकून तो निघून जातो, हे ती पाहते. कॅथरिन पुढे जे बोलते, तो आणि मी वेगळे नाहीच, ते त्याच्या कानी पडत नाही. नेली तिथल्या तिथे काही सांगत नाही. सांगते संध्याकाळी, तो कुठेच सापडत नाही तेव्हा. मग तीन वर्षं तो नाहीसा.

मी एकोणिसाव्या वर्षी यावर 'नियतीचा खेळ' असं उत्तर लिहिलं होतं. नियती कसली! मांडीवर पोर घेऊन बसलेली एक बाई होती.

४. 'मला वाटलं नाटक करतेय.' हे वाक्य प्रत्येक घरात कुणीतरी कधीतरी म्हटलेलं असतं. लग्नानंतर कॅथरिन खोलीचं दार लावून तीन दिवस उपाशी बसते आणि नेली एडगरला काही कळू देत नाही. दार उघडतं तेव्हा कॅथरिन भ्रमात गेलेली असते.

५. तरी तिला खलनायिका ठरवायला माझं मन घेत नाही. जेम्स हॅफली या अभ्यासकाने १९५८ साली तेच केलं. उलट शार्लट ब्राँटेने १८५० च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत तिच्या निष्ठेची वाखाणणी केली होती. मला दोघंही घाईत वाटतात. लिंटनच्या ग्रेंज या घरातली बहुतेक पुस्तकं चाळलेली हुशार बाई ती. धन्यांची भांडणं आवरायची तिने, मुलं वाढवायची तिने, आणि निर्णयात तिला जागा नाही. मग कधी बोलायचं आणि कधी गप्प राहायचं, एवढंच तिच्या हातात उरतं.

ब्राँटे बहिणींना हे घरातूनच ठाऊक असावं. हॉवर्थच्या त्यांच्या घरी टॅबी नावाची म्हातारी मोलकरीण होती, गोष्टी सांगणारी. १८३६ च्या हिवाळ्यात तिचा पाय मोडला. मुलींच्या मावशीने तिला बहिणीकडे पाठवायचं ठरवलं, तेव्हा मुलींनी जेवण सोडलं. टॅबी राहिली.

६. माझी आजी आणि काकू बारा वर्षं बोलत नव्हत्या. त्या भांडणाची हकिकत मला ठाऊक आहे ती आमच्या पोळ्यावाल्या मावशींकडून. ऑपरेशननंतर त्या भेटायला आल्या तेव्हा पहिल्यांदाच विचारलं, "मावशी, तुम्ही कुठे होता तेव्हा?" त्या म्हणाल्या, "मी? मी पोळ्या लाटत होते." जरा थांबून म्हणाल्या, "आजींचा निरोप काकूंना द्यायचा राहिला माझ्याकडून." बस, एवढंच. मीही पुढे विचारलं नाही.

७. शेवटचं, सगळ्यात लहान. लिव्हरपूलला साठ मैल चालत निघताना मालक मुलांना विचारतात, काय आणू? हिंडली व्हायोलिन मागतो, कॅथरिन चाबूक. नेलीला ते आपणहून खिसाभर सफरचंदं आणि नाशपती कबूल करतात. परत येतात तेव्हा व्हायोलिनचा चुरा झालेला असतो, चाबूक हरवलेला असतो; हिंडलीचं रडणं आणि कॅथरिनचा राग नेली सांगते. फळांचं काय झालं ते ती सांगत नाही, आणि लॉकवुड विचारत नाही.