शेंगदाण्याचे वावडे आणि आश्रमशाळेची पंगत

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकास, सह्याद्रीच्या कड्यालगत वसलेल्या आहुपे येथे शासकीय आश्रमशाळा आहे. अशा शाळेत एकाच पातेल्यात शिजलेले अन्न सर्व मुलांच्या ताटांत पडते. त्यांतील एखाद्यास शेंगदाण्याचे वावडे, म्हणजे वैद्यकाच्या भाषेत अ‍ॅलर्जी असेल, तर काय करावे? प्रश्न वरकरणी लहान दिसतो. परंतु त्रास उद्भवल्यास घोडेगावचे ग्रामीण रुग्णालय घाटरस्त्याने गाठावे लागते. म्हणून खबरदारी स्वयंपाकघरातच घेणे इष्ट होय.

दाण्यातील काही प्रथिनांना शत्रू समजून शरीराची प्रतिकारयंत्रणा त्यांवर उठते. अंगावर गांधी येणे, ओठ सुजणे, उलटी, धाप ही लक्षणे बहुधा काही मिनिटांपासून दोन तासांच्या आत दिसतात. दाणा भाजल्याने निर्धोक होत नाही.

आपल्या स्वयंपाकात दाणा दिसतो कमी आणि असतो फार. चिक्की, लाडू, चिवडा, संक्रांतीचा तिळगूळ यांत तो ओळखता तरी येतो. खरी अडचण कुटाची. काकडीची कोशिंबीर, भरली वांगी, पालेभाजी, लसणाची चटणी, साबुदाण्याची खिचडी यांत कूट मिसळून जाते आणि उपवासाच्या दिवशी तर आमटीही दाण्याचीच असते! “दाणे घातले आहेत का?” असे विचारल्यास स्वयंपाकी प्रामाणिकपणे “नाही” म्हणेल, कारण त्याच्या लेखी कूट निराळे. तेव्हा कूट, तेल आणि खलबत्ता या तिन्हींची चौकशी करावी. घाण्याच्या शेंगतेलात प्रथिनांचा अंश राहतो. रिफाइंड तेलात तो जवळजवळ नसतो, तथापि डॉक्टरांना विचारल्याखेरीज तेही देऊ नये. सन 2020 च्या लेबलविषयक विनियमांनुसार पाकिटावर शेंगदाण्याचा उल्लेख बंधनकारक आहे. आठवडे बाजारातील सुट्या फरसाणास मात्र लेबल कोठून असणार?

कुटाऐवजी सुके खोबरे किंवा याच डोंगरपट्ट्यात पिकणारी खुरासणी वापरता येते. तिळाचेही काहींना वावडे असते, हे ध्यानी ठेवावे. मात्र एका मुलासाठी सर्वांचा दाणा बंद करणे योग्य नव्हे. 100 ग्रॅम दाण्यांत सुमारे 25 ग्रॅम प्रथिने असतात, आणि इतके स्वस्त पौष्टिक अन्न दुसरे सहसा मिळत नाही. त्या मुलाचे अन्न आधी, स्वच्छ भांड्यात, वेगळ्या पळीने काढावे. वावड्याचे निदानही तर्काने न करता डॉक्टरांकडूनच करून घ्यावे.

धाप लागली वा मूल गळून गेले, तर त्यास चालवू नये. त्यास आडवे निजवून पाय उंच ठेवावेत. श्वास घेणे जड जात असल्यास टेकून बसवावे. मांडीच्या बाहेरील बाजूस अ‍ॅड्रिनॅलीनचे इंजेक्शन हाच यावरील मुख्य उपचार आहे. खाजेच्या गोळीवर विसंबून वेळ दवडू नये. 108 क्रमांकास कळवावेच, परंतु रुग्णवाहिका घाट चढून येईपर्यंत थांबावे लागेल, असे गृहीत धरून रात्री-अपरात्री गावातील कोणाचे वाहन निघेल, हे मुख्याध्यापक व ग्रामपंचायत सदस्यांनी शाळा उघडतानाच ठरवून स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेवावे.