लेखक-परिचय स्वतःच लिहिताना

पुस्तक छपाईला जायच्या तोंडावर प्रकाशकाचा फोन येतो, "मलपृष्ठासाठी पाच ओळी पाठवा." त्या पाच ओळी घाईत उरकू नका. अनोळखी वाचक आधी त्याच वाचतो.

काय करावे

• गाव नेमके लिहा. बाबूराव बागूल १९३० साली विहितगावात जन्मले, नाशिक रोडला अगदी लागून. पुढे रेल्वेत नोकरी केली आणि १९६३ साली 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह आला. गाव, नोकरी, पुस्तक. एवढ्यात माणूस उभा राहतो, विशेषण एकही लागत नाही.

• पोटापाण्याचे काम मोकळेपणाने सांगा. 'शासकीय सेवेतून निवृत्त' हे कुणालाही लागू पडेल. 'करन्सी नोट प्रेसमध्ये छपाई विभागात, बरीच वर्षे रात्रपाळीत' हे फक्त तुमचे. प्रेस, एकलहऱ्याचे वीजकेंद्र, रेल्वे स्टेशन, देवळालीची छावणी: नाशिक रोड परिसरातल्या लेखकांची ही खरी शिदोरी आहे, आणि तीच परिचयातून गळते याचे मला फार वाईट वाटते.

• टोपणनावासोबत मूळ नावही द्या. कुसुमाग्रज म्हणजे वि. वा. शिरवाडकर, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तुमचे तसे नाही.

• पुस्तकाचे नाव, प्रकार, वर्ष, प्रकाशक द्या. ग्रंथपालाला तेच लागते.

• साठेक शब्दांत, तृतीय पुरुषी लिहा आणि मोठ्याने वाचून पाहा. कार्यक्रमात निवेदक हेच वाचणार आहे.

काय टाळावे

• पुरस्कारांची माळ. एक-दोनच घ्या, कोणत्या कृतीला आणि कधी तेही सांगा. 'नटसम्राट'ला १९७४ साली साहित्य अकादमी, असे.

• 'सुप्रसिद्ध', 'ख्यातनाम', 'अष्टपैलू'. हे दुसऱ्यांनी म्हणायचे असते.

• 'लहानपणापासून लेखनाची आवड'.

• फाजील विनय. 'माझा हा अल्पसा प्रयत्न' वाचून कुणी पुस्तक विकत घेत नाही.

• जात, नातेवाइकांची पदे, मुलांचे परदेशातले पगार.

• घरचा पत्ता आणि मोबाईल नंबर. छापलेले परत घेता येत नाही; ईमेल पुरे.

• दहा वर्षांपूर्वीचाच परिचय पुन्हा पाठवणे. दिवाळी अंकासाठी वेगळा, कवितासंग्रहासाठी वेगळा लिहा.